बेचाळीस मिनिटं मागे

येल बेटावर नोव्हेंबर संपताना साडेतीनलाच अंधारतं.
पाच घरं, पाच किल्ल्यांच्या पेट्या, पाच आकडे पाठ.
ओस्लाचं घर शेवटचं, उल्स्टाच्या धक्क्याजवळ.

तिच्या नजरेत मधोमध डाग आहे,
काचेला काजळी धरावी तसा.
कडेकडेचं दिसतं: दाराची चौकट, माझी कोपरं.
चेहरा नाही.
म्हणून बोलताना ती जरा बाजूला, शेगडीकडे बघते.
नव्या माणसाला वाटतं, म्हातारी रागावली.

मी तिचे पाय कोमट पाण्यात सोडते
आणि खुनाची कादंबरी सुरू करते.

हातमोज्यांच्या दुकानाचा मालक मेलाय.
ओस्लाचा संशय पुतण्यावर, पहिल्या दिवसापासून.
"फार गोड बोलतो मेला," ती म्हणते,
"आमच्या मॅग्नससारखा."
मॅग्नस कोण, ते सांगत नाही.

वाचणारी बाई एकच.
मालक तिच्याच घशात, फौजदारीणही तिच्याच,
आणि खुनी तिथंच कुठंतरी
आवाज बदलून बसलेला.
बदलत नाही तो फक्त श्वास.
वाईट बातमीआधी ती नाकानं एक घेते, बारीक,
सुई ओवताना घ्यावा तसा.
ओस्लाला तो कळतो. पाण्यात तिचा अंगठा आवळतो.

काल मी भांडी घासत होते
आणि ती खुर्चीतच झोपली.
बंद करायला हवं होतं. हात साबणाचे होते.
खोटं. हात पुसता आले असते.
त्या श्वासामागून खुनी बाहेर आला:
पहिल्या भागात ज्यानं नुसतं दार उघडून धरलं होतं, तो.
तेव्हा त्याच्याकडे ना मी बघितलं, ना फौजदारणीनं.
ओस्ला घोरत होती.
मी फोन पुसला, बेचाळीस मिनिटं मागे नेला.
तेवढ्यात एक नर्स पुन्हा जिवंत झाली,
सांडलेला चहा कपात परतला.

आज तिनं विचारलं, "कुठं होतो गं आपण?"
"पुतण्या गोदामात शिरला होता."
"तोच तो!"
"बघू," मी म्हटलं.
पाण्यातला अंगठा थांबला.
"तू श्वास घेतलास," ती शेगडीला म्हणाली.
"तुला माहितीय."
मी टॉवेल शोधायला लागले, खांद्यावर असलेला.
"सांगू नकोस. पण पुतण्या नाही, एवढं कळलं.
बिचारा. सहा आठवडे फासावर चढवत होते मी त्याला."
मग बऱ्याच वेळानं,
पाय पुसून झाल्यावर, मोजे चढवल्यावर:
"मॅग्नसला एक पत्र लिहायचंय. तुझं अक्षर कसंय?"

आता फेरीच्या रांगेत माझी गाडी दुसरी.
इंजिन बंद, काचांवर वाफ.
माझी कादंबरी वेगळी, खूनबिन नाही त्यात.
वाचणारी मात्र तीच.
डेलिया नावाची बाई आहे, सेहेचाळीसची,
बॅग भरते: दोन स्वेटर, जन्माचा दाखला,
झाकण हरवलेला थर्मास.
थर्मास कशाला, हे तिलाही ठाऊक नाही.
नवरा वर झोपलाय. ती जिन्याखाली उभी राहते,
वाचणारी नाकानं श्वास घेते,
आणि मी बंद करते.
आठवा भाग चार वेळा ऐकून झालाय.
परवा लायब्ररी फोनमधून पुस्तक काढून घेईल;
एकोणीस जण रांगेत आहेत.
जण म्हणजे बायकाच असणार.
प्रत्येकीला त्या जिन्याखाली किती वेळ लागेल,
लायब्ररीला काय माहीत.

पलीकडे टॉफ्टला उतरलं की वीस मिनिटांवर घर.
व्हिक्टरचे बूट दारात आडवे असतील.
माझे ओलांडायचे पाय सरावलेत.

धक्क्यावरचा माणूस बॅटरी हलवतो, या, या.
मी किल्ली फिरवते
आणि विसरते, की ही गाडी
चालू झाली की आपणहून बोलायला लागते.
वायपर एकदा फिरतो.
"भाग नववा," बाई म्हणते,
अगदी साध्या आवाजात,
श्वास वगैरे न घेता.